राजा कोणासाठी टाकला?

“कोणासाठी टाकला गा, मास्तर?”

हे विचारण्याआधी ते चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकानं काचा पुसायचे, चष्मा परत नाकावर चढवायचे आणि टेबलावर पडलेल्या माझ्या राजाकडे असे बघायचे, की मला माझ्याच शाळेच्या व्हरांड्यात अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटायचं. “राणी दिसली अन् फेकला राजा! बरं, फेकला तर फेकला. पण कोणासाठी, ते सांगशीन का नाही?”

मी काय सांगणार, कपाळ! राणी आली, माझ्याकडे राजा होता, राजा राणीपेक्षा मोठा असतो, टाकला. आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवला, नकाशात वैनगंगा दाखवता आली नाही म्हणून कान पिळले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर बसून बोलणी खायची वेळ माझ्यावर आली. राग माझ्याही नाकावरच असतो. कितीदा तरी पत्ते आपटून जिना चढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून त्यांच्या कूलरची घरघर ऐकू आली की पाय आपोआप जिन्याकडे वळायचे.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मूळचे रामटेककडच्या शेतकरी घरातले. शिकून सर्व्हेअर झाले आणि सगळी नोकरी सावनेरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत केली. नागपूरला प्रतापनगरात फ्लॅट घेऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण बोलणं गावाकडचंच राहिलं. ब्रिज मात्र खाणीच्या कॉलनीत शिकले. तिथं नेहमी चौथा माणूस कमी पडायचा. म्हणून लग्न होऊन आलेल्या बायकोला त्यांनी पत्ते शिकवले. काकू नागपूरच्या महाल भागातल्या, चारचौघांत बोलताना लाजणाऱ्या. वर्षभरात त्या काकांच्या पुढे गेल्या.

हे काका स्वतःच सांगायचे, आणि फुगून सांगायचे. “माझ्या डोक्यात हिशोब राहते, हिच्या डोक्यात बावन्न पत्ते राहते. कोणी काय टाकलं, कधी टाकलं, सारं. तिले विचार.” काकू म्हणायच्या, “पुरे आता. डॉक्टरांना वडी वाढा.”

डॉक्टर म्हणजे आमचे चौथे, माझे भिडू. दातांचे डॉक्टर. दुपारी दवाखाना बंद करून यायचे ते निम्मे खेळायला आणि निम्मे काकूंची सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खायला. तेलकट बोटांनी पत्त्याला हात लावला की काका पंचा पुढे करायचे. एका बाजूला काका आणि काकू, दुसऱ्या बाजूला मी आणि डॉक्टर. जोड्या कधी बदलल्या नाहीत. काका शत्रूपक्षात बसून आम्हाला शिकवायचे आणि शिकवून झाल्यावर हरवायचे.

आता ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. येतं त्यांनी तोवर चहा टाकावा. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. खेळ ज्यांचा असतो त्यांच्यापैकी एकाचे पत्ते टेबलावर उघडे मांडतात, त्याला डमी म्हणतात. समजा त्या डमीतून राणी आली. तुमचा नंबर लगेच पुढचा आणि तुमच्याकडे राजा आहे. एक्का तुमच्यानंतर खेळणाऱ्याकडे आहे. तुम्ही राजा टाकलात की तो एक्का मारणार. तुमचा राजा गेला. पण त्यांचेही राणी आणि एक्का असे दोन मोठे पत्ते एकाच हातात खर्ची पडले. मग गुलाम मोठा होतो, तो गेला की दश्शी मोठी होते. ती दश्शी तुमच्या भिडूकडे असेल, तर तुमचा राजा कामी आला. ती समोरच्यांकडेच असेल, तर तुम्ही फुकट मेलात.

“आपल्याच हातात दश्शी असन तर गोष्ट सोपी आहे,” काका म्हणायचे. “भिडूच्या हातात असन तर खरा खेळ आहे.”

“पण भिडूकडे आहे की नाही, ते मला कसं कळणार?” मी एकदा तडकून विचारलं.

“कळत नाही. भरवसा लागते.”

याशिवाय त्यांचे आणखी दोन नियम होते. डमीत राणी आणि गुलाम जोडीनं दिसत असतील, तर पहिल्यावर राजा घालवायचा नाही. गप लहान पत्ता टाकायचा आणि दुसऱ्याची वाट बघायची. आणि तिसरा नियम म्हणजे थबकायचं नाही. हा मला कधीच जमला नाही. राणी आली की माझा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जायचा. टाकू की नको, टाकू की नको. तेवढ्यात समोरच्याला कळायचं की राजा या मास्तराकडे आहे. काका म्हणायचे, “पत्ता यायच्या आधी ठरव गा. आल्यावर विचार करशीन तर सारं गाव पाहते.”

ते स्वतः कधी थबकले नाहीत. डमी उघडी झाली की एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा स्वतःच्या हाताकडे, आणि सगळं तिथंच ठरलेलं असायचं. पुढे राणी येवो की गुलाम, त्यांचं बोट त्याच चालीनं पत्ता पुढे सारायचं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचायला जाल तर डोकं फुटेल.

आणि एका उन्हाळ्यात ती दुपार आली.

खेळ माझा होता. डॉक्टरांचे पत्ते डमी म्हणून उघडे होते. मी डमीतून बदामाची राणी काढायला सांगितली. काकांनी राजा टाकला, पापणीसुद्धा न हलवता. मी एक्क्यानं मारला. मग हातातला गुलाम खेळलो, तोही चालला. आता बदामात सगळ्यांत मोठी उरली दश्शी, आणि ती काकूंकडे होती. माझ्याकडे नुसती नव्वी. काकांचा राजा आता वसूल होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी इस्पिकं खेळू लागलो. काकूंची इस्पिकं संपलेली होती, त्यामुळे दुसरा कुठला तरी पत्ता टाकून देणं त्यांना भाग होतं. हातात बदामाची दश्शी होती आणि पंजी होती. त्यांनी दश्शी टाकून दिली.

डॉक्टरांचं चावणं थांबलं. मी नव्वी खेळलो आणि तो हात माझा झाला. अशी चूक नवशिकासुद्धा करत नाही. आता चष्मा निघणार म्हणून मी बघत राहिलो. मनातून, खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटत होती.

चष्मा निघाला नाही. काकांनी पत्ते गोळा करत म्हटलं, “चुकलं माझंच. राजा टाकायलेच नको होता.”

मी भांडायला तोंड उघडलं. राजा टाकणं बरोबरच होतं! इतकं बरोबर, की त्यांनीच मला ते शिकवलं होतं. पण माझी नजर काकूंकडे गेली. त्या उरलेले पत्ते हातात नीट एकसारखे करत होत्या आणि नेहमीसारख्या हसत होत्या. आपलं काही चुकलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी तोंड मिटलं आणि पुढचे पत्ते वाटले.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. एकदा दिसलं की मग न बघणं अवघड असतं. काकू आमच्या दारात आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, “या ना आत, बाहेर काहून उभ्या?” मग आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन चहाचं भांडं शोधू लागल्या, आणि मिळेना म्हणून वैतागल्या. मागोमाग काका धापा टाकत जिना चढून आले. “मीच म्हटलं तिले, वर जाऊन चहा कर म्हणून. आमच्याकडचा गॅस संपला.” खाली जाऊन पाहतो तर गॅस सुरू होता आणि कढई जळून काळी झाली होती. त्यावर काका म्हणाले, “मीच ठेवली होती.” काकू कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पलीकडच्या गल्लीत सापडल्या. “मीच पाठवलं होतं तिकडं.” सगळं यांनीच केलेलं! त्या महिन्यांत काकांनी इतक्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या, की नव्या वॉचमनला वाटलं, डोकं यांचंच गेलंय.

काकूंना ते डॉक्टरांना दाखवून आले होते. आमच्या डॉक्टरांना नाही, डोक्याच्या. गोळ्या सुरू होत्या. औषधात हयगय केली नाही त्यांनी. फक्त एक गोष्ट करत नव्हते. पुण्याला असलेल्या एकुलत्या मुलीला सांगत नव्हते.

एकदा आम्ही दोघं अंबाझरी तलावाच्या पाळीवर फिरत होतो. माझी बायको काकूंजवळ बसली होती. मी म्हटलं, “काका, आता तुम्ही मुलीला कळवा. हे काही बरोबर नाही.”

“कळवलं का ते लेकरू धावत येईन अन् हिले घेऊन जाईन.”

“मग जाऊ द्या की. तुम्हीही जा सोबत.”

ते थांबले. “पुण्यात अकराव्या मजल्यावर घर आहे तिचं. इथं हिचे हात घर ओळखतात. डोकं विसरलं तरी मिठाचा डबा हातालेच सापडते. तुळशीजवळचा नळ, भाजीवाल्याचा आवाज, तू, तुझी बायको, तो दातवाला. तिथं नेली तर कशाले धरून उभी राहीन ती? एका महिन्यात संपन.” मग पुन्हा चालायला लागले. “टेबलावर बसते तोवर ती आहे, मास्तर. टेबल सुटलं का गेली.”

मला चीड आली. त्यांच्यावर, त्या तळ्यावर, कुणावरही. कारण ते म्हणत होते ते खोटं नव्हतं आणि जळलेली कढईही खोटी नव्हती. “उद्या घराला आग लागली म्हणजे?” मी म्हटलं.

“गॅस मी पाहतो.”

“आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?”

ते पाळीवरून खाली उतरायला लागले. आम्ही तसेच घरी आलो.

टेबलावर मात्र एक बदल झाला होता, आणि तो मला उशिरा लक्षात आला. काकांनी राजा टाकायचं बंद केलं होतं. डमीतून राणी आली की त्यांचं बोट त्याच जुन्या चालीनं पुढे यायचं, पण पुढे यायची दुर्री नाहीतर तिर्री. डाव संपल्यावर कळायचं की राजा त्यांच्याकडेच होता. बरोबरच आहे म्हणा. भिडूला दश्शी सांभाळता येणार नसेल, तर राजा मारून घ्यायचा कशाला? आम्ही जिंकायला लागलो. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, असं जिंकण्यापेक्षा दाढ काढून घेतलेली परवडली.” त्यांना वडीसुद्धा जाईना.

आम्ही समजत होतो की काकूंना यातलं काही कळत नाही. एका दुपारी डाव संपला, आणि काकूंनी काकांचा जिंकलेला राजा उचलून हातात धरला. “राणी आली तेव्हा हा तुमच्याजवळ होता?”

“होता.”

“टाकला का नाही मग? माझ्याजवळ दश्शी होती.”

काका म्हणाले, “लक्षात नाही आलं.”

“तुमच्या?” काकूंनी विचारलं आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग राजा खाली ठेवला. “माझ्यावर भरवसा नाही राहिला तुमचा.” आणि उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

थंडीत मुलगी आली. तिला फोनवर काहीतरी जाणवलं असणार, मुलींना जाणवतं. काकांनी आठवडाभर आधीपासून काकूंची तयारी करून घेतली. नातवाची शाळा कोणती, जावई कुठं गेलाय, कोणाचं लग्न झालं. परीक्षेच्या आधी आमच्या शाळेतली पोरं बाहेर पाठ म्हणत उभी असायची, तसं चाललं होतं. आम्हाला बजावलं, “दोघंही या. रोजच्यासारखं खेळू. तिले दिसू द्या का आई खेळून राहिली.”

आम्ही गेलो. मुलगी काकूंच्या मागे खुर्ची घेऊन बसली. तिला ब्रिज येत नव्हता, त्यामुळे पत्त्यांवरून तिला काही कळणार नव्हतं. डाव बरे झाले. चहा आला. तिनं बशीतला चहा फुंकत सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, मावशीकडचं लग्न कसं झालं गं?”

“अगं, एकदम झकास!” काका म्हणाले. “पंगत काय, बँड काय!”

“आई, तुझ्या गुडघ्याला आता कोणतं तेल लावतेस?”

“तेच ते, मागच्या खेपेचं. मीच चोळून देतो,” काका म्हणाले.

तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही दिसलं असतं. मुलगी एकेक पत्ता टाकत होती आणि काका प्रत्येकावर राजा फेकत होते. तेही काकूंचं तोंड उघडायच्या आत. मला टेबलाखालून त्यांना लाथ मारावीशी वाटली. अहो, थांबा जरा! तुम्हीच शिकवलंत ना, जोडी दिसली तर पहिल्यावर घाई करायची नाही? डॉक्टर तर वडीकडे बघून घामाघूम झाले होते, थंडीत.

मग मुलीनं बशी खाली ठेवली आणि आईच्या मांडीवर हात ठेवला. आवाज बदलून, अगदी हळू विचारलं, “आई, सावनेरला मी लहानपणी झाडावरून पडले होते ना. कोणतं गं झाड ते?”

“बाभूळ,” काका म्हणाले.

काकूंनी कप इतक्या जोरात ठेवला की चहा पत्त्यांवर सांडला.

“बाभूळ नाही. कडुनिंब होता. ऑफिसच्या मागचा. तुम्ही त्या दिवशी खाणीत होते, तुम्हाला काय माहीत? मी उचललं हिला. हनुवटीतून रक्त येत होतं, माझ्या पिवळ्या पातळावर सांडलं, ते डाग गेलेच नाही.” बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. “मला येत होतं ना हे! तुम्ही काहून बोलले? माझ्याजवळ दश्शी होती.”

मुलगी रडायला लागली. हनुवटीवरचा व्रण तिच्या बोटाखाली होता. “बाबा, हा प्रश्न मी तिच्यासाठीच काढला होता. मला माहीत होतं, हे तिला येईल. मला एकदा तिच्याकडून ऐकायचं होतं.”

काकांनी चष्मा काढला. पुसायला शर्टाचं टोक धरलं आणि तसेच धरून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला वाचता आला. वाचायला नको होता, असं वाटलं. मी आणि डॉक्टर चपला न शोधता, मिळेल त्या घालून बाहेर पडलो. जिन्यात कळलं की माझ्या पायात एक माझी आणि एक काकांची होती.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. कढई, दुसरी गल्ली, गोळ्या, सगळं. मुलीनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, “दोघंही चला.” काका आधी नाही म्हणाले, मग दोन दिवसांनी हो म्हणाले. जायचं ठरलं ते उन्हाळा लागायच्या आधी.

मधल्या दिवसांत काका बदलले. काकूंना कुणी काही विचारलं की ते दातांखाली ओठ धरून गप्प बसायचे. थांबायचे. कधी उत्तर यायचं, कधी यायचं नाही, कधी भलतंच यायचं. भलतं आलं तरी दुरुस्त करायचे नाहीत. त्यांना ते फार जड जायचं. पत्ता हातात असून न टाकणं त्यांना येत होतं, पण बोलणं तोंडात असून न बोलणं हे नवीन होतं. मी एकदा म्हटलं, “बरं वाटत नाही हो असं बघायला.” तर म्हणाले, “मलेच कुठं वाटते? पण तिचा हात तिले खेळू दे.”

शेवटच्या दुपारी घरात खोकी बांधून ठेवलेली होती. टेबल तेवढं मोकळं. खेळ माझा होता, डॉक्टरांची डमी. आणि बघा, देवाला तरी काय म्हणावं, डमीत राणी होती. इस्पिकाची. मी ती काढायला सांगितली.

काका थबकले.

बोट पत्त्यावर, आणि पत्ता हलेना. आता आंधळ्यालाही कळलं असतं की राजा त्यांच्याकडे आहे. मी छताकडे बघू लागलो. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू आपल्या हातातले पत्ते जवळजवळ नाकाला लावून बघत होत्या. मग काकांनी राजा टाकला. मी एक्का मारला. पुढे गुलाम खेळलो. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आता दश्शी कुठं आहे.

मी दुसऱ्या रंगाकडे वळलो. काकूंकडे तो रंग नव्हता. त्यांनी एका पत्त्याला हात लावला, मग दुसऱ्याला, मग परत पहिल्याला. काकांची नजर टेबलावर खिळलेली होती. एक खोकला, एक हुंकार पुरला असता. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, खुशाल. त्यांनी केला नाही.

काकूंनी दश्शी टाकली.

पत्ता टेबलावर पडला आणि त्यांनाच दिसला. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “चुकलं ना माझं?”

“हो,” काका म्हणाले.

“राजा वाया घालवला मी तुमचा.”

“वाया नाही गेला,” काका म्हणाले. “तुझ्यासाठीच टाकला होता. टाकला तेव्हाच दिला.”

डॉक्टर उठून पाणी प्यायला आत गेले. मी पत्ते पिसायला घेतले.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. काकू पुढे बसल्या, काका मागे, मांडीवर पाण्याची बाटली धरून. वॉचमननं खिडकीशी वाकून विचारलं, “काकू, वापस कब आओगे?” काकांचं तोंड उघडलं. मी बघितलं. उघडलं आणि मिटलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केलेली, मुलगी घड्याळ बघतेय, आणि काका थांबलेले. काकूंनी विचार केला. चांगला सावकाश केला. मग म्हणाल्या, “संत्र्याच्या दिवसांत येऊ.” वॉचमन म्हणाला, “ठीक है.” गाडी गेली.

ते टेबल आता माझ्याकडे आहे. त्यावर बायको वाळवणाची ताटं ठेवते. डॉक्टर दुपारचे येतात, वडी विकत आणतात, आम्ही दोघं बसतो आणि पत्ते काढत नाही. दोघांत काय खेळणार?

संत्री आली. कोपऱ्यावर हातगाड्या भरून लागल्या. मी डॉक्टरांसमोरच पुण्याला फोन लावला. काकांनी उचलला. आवाज खोल गेला होता, पण ओळखू आला.

“काका, संत्री आली,” मी म्हटलं. “काकू म्हणाल्या होत्या, संत्र्याच्या दिवसांत येऊ.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग म्हणाले, “ती म्हणाली होती ना. मग तिलेच विचार गा, मास्तर.” आणि फोन काकूंकडे दिल्याचा आवाज आला, कपड्याची सळसळ, बांगडी कशावर तरी वाजल्याचा.

“कोण बोलतंय?” काकूंनी विचारलं.

माझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मास्तर, काकू, वरच्या मजल्यावरचा. तोंड उघडलंही. काका तिथंच शेजारी असणार, आणि तेही सांगत नव्हते. मागे कूलर नव्हता, भाजीवाला नव्हता, नुसता काकूंचा श्वास ऐकू येत होता. त्या आठवत होत्या. डॉक्टर खुणेनं विचारत होते, काय झालं?

मी हातानंच त्यांना गप्प बसवलं, आणि थांबलो.